योजनेचे बेड फुल आहेत

नामपूरच्या स्टँडवर सकाळची नाशिक गाडी लागली तेव्हा आबा माझी बॅग डोक्यावर घेऊन उभे होते. बॅग काही एवढी जड नव्हती. चार ड्रेस, बी.कॉम.ची मार्कलिस्ट, एक चादर आणि मायनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. पण मार्केटात मापाडी म्हणून आयुष्यभर कांद्याची वजनं केलेल्या माणसाला ओझं हातात धरवत नाही. त्यांनी बॅग आत ठेवली, खाली उतरून माझ्या खिडकीपाशी आले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "आते तू नाशिकवाली. तठे कोणापुढे मुंडी खाले घालीसन उभी ऱ्हाऊ नको." म्हणजे तिथे कुणापुढे मान खाली घालून उभी राहू नकोस. माय एवढंच म्हणाली, "पोचनी का फोन करजो," आणि तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली. सटाण्यापर्यंत मी रडले. सटाण्यात गाडी थांबली, वडापाव खाल्ला, मग नाही रडले.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. नामपुरात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला निघून गेलात त्यांच्यासाठीही. गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा तुमच्यापैकी तीनचार जणांनी तरी मला विचारलं, "वैशाली, हातची नोकरी का घालवली?" ओट्यावर उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. आणि माझ्या पाठीमागे जी उत्तरं दिली गेली ती मला मान्य नाहीत. म्हणून झालं ते सांगते.

नाशिकला पहिली दोन वर्षं मी सिडकोत मावसबहिणीच्या घरी काढली. एका सीएच्या ऑफिसात कागद लावायचं काम होतं. मग लग्न झालं, आणि एका खासगी हॉस्पिटलात विम्याच्या काउंटरवर जागा निघाली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मुलाखतीत मला सांगितलं, बोली थोडी सुधारा, पेशंटवर छाप पडली पाहिजे. मी सुधारली. 'शे' गेलं, 'आहे' आलं. कॅशलेस, प्री-ऑथ, क्वेरी, डिस्चार्ज समरी हे शब्द माझ्या तोंडात इतके बसले की घरी भाजी संपली तरी मी नवऱ्याला म्हणायची, "भाजी रिजेक्ट." तो सातपूरला एका कारखान्यात फिटर आहे. तो हसायचा. मलाही मजा वाटायची. एसीत बसायचं, गळ्यात ओळखपत्र, समोर कॉम्प्युटर. नामपूरला फोन केला की आबा बाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "आज कितला पेशंट व्हतात?"

आता खरं सांगायची वेळ आली. त्या काउंटरवर मी काय काम करायचे ते तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या हॉस्पिटलात सरकारी योजना लागू होती. रेशनकार्ड आणि आधार दाखवलं की ठरलेले आजार, ठरलेली ऑपरेशनं मोफत. त्यासाठी काही बेड राखून ठेवायचे असतात आणि योजनेचा माणूस, त्याला आरोग्यमित्र म्हणतात, तिथे बसवायचा असतो. आमच्याकडे तो बसायचा, पण जिन्याखाली, सलाईनच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे. दारातून आलेल्या माणसाला तो दिसायचाच नाही. त्याला दिसायचे मी. आणि आमच्या व्यवस्थापक साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवलं होतं: "योजनेचे बेड सध्या फुल आहेत, दोन आठवड्यांनी चौकशी करा." रागानं बोलायचं नाही, हसून बोलायचं. मग माणूस वाद घालत नाही. बेड खरंच भरलेले असायचे का? कधी असायचे. पुष्कळदा नसायचे. मला ते स्क्रीनवर दिसायचं.

एक चेहरा अजून जात नाही. मालेगावचा माणूस होता, यंत्रमागावर काम करणारा. बायकोला घेऊन आला होता, तिच्या पित्ताशयात खडे होते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकावर एक नीट लावलेले. मी माझं वाक्य म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कागद पुन्हा तसेच पिशवीत भरले आणि मला म्हणाला, "शुक्रिया बेटा." आभार मानले माझे. त्याच्या बायकोचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला, रोजच्यासारखा. त्या डब्याची मला आजही लाज वाटते.

मग आबांचं झालं.

पावसाळा सरत आला होता. मार्केटात काट्यापाशी उभे असताना आबांच्या छातीत कळ आली, घाम फुटला. सटाण्याच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि चिठ्ठी लिहून दिली, "नाशिकला जा, उशीर करू नका." चिठ्ठीवर ज्या हॉस्पिटलचं नाव होतं ते माझं नव्हतं, दुसरं होतं; योजना तिथेही होती. आबा दुसऱ्या दिवशी एकटे गाडीत बसले, नाशिकला आले, सीबीएस स्टँडला उतरून रिक्षानं त्या हॉस्पिटलात गेले, आणि दुपारच्या गाडीनं परत नामपूरला गेले. मला काहीच कळवलं नाही. पोरगी कामावर असते, तिला कशाला सुट्टी काढायला लावा.

संध्याकाळी मी कुकर लावत होते तेव्हा मायचा फोन आला. तिला राहवलं नव्हतं. मी म्हटलं, आबांकडे दे. आबा अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं बोलले. "बेड नही शेतस म्हने. दोन आठोडा नंतर बलावं. पोर भलती चांगली व्हती वं. तुन्हामायकच गोड बोलनी."

पोरगी फार चांगली होती. तुझ्यासारखीच गोड बोलली.

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. नवरा विचारत होता काय झालं, मी त्याला आबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. छातीत कळ येणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांनी बोलावणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणापर्यंत कधी कळलंच नव्हतं असं नाही. कळत होतं. पण आतापर्यंत तो माणूस दुसऱ्या कुणाचा तरी बाप होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मित्राची गाडी मागून आणली आणि नामपूरला जाऊन आबांना घेऊन आला. मी साहेबांना फोन करून सुट्टी मागितली, कारण सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अहो मॅडम, आपल्याकडे आणा ना. योजनेत बसवून टाकू. स्टाफचं माणूस आहे, बेडचं बघतो मी." मी स्क्रीन न बघताही समजले. काल भरलेला बेड साहेबांच्या एका फोनमध्ये रिकामा होत होता. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. आबांना घेऊन सरळ माझ्या हॉस्पिटलात जायचं, मागच्या दारानं वर न्यायचं, कुणाला काही विचारायचं नाही. पण मग ज्यांची मुलगी काउंटरवर नाही त्यांनी काय करायचं? मी म्हटलं, "नको सर. जिथून त्यांना परत पाठवलं, तिथेच भरती करते."

त्या हॉस्पिटलाच्या दारात आबा व्हीलचेअरवर बसायला तयार नव्हते. मला म्हणाले, "काल नही व्हता तो बेड आज कथाईन येई?" काल नव्हता तो आज कुठून येईल? मी म्हटलं, "बघा तुम्ही."

काउंटरवर तीच मुलगी होती. तेविसेक वर्षांची, केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. आबांना तिनं ओळखलं. माझ्याकडे बघून हसून म्हणाली, "मॅडम, योजनेचे बेड सध्या फुल आहेत, दोन आठवड्यांनी..." शब्द न् शब्द तोच. आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज कुणीतरी आपल्याला ऐकवावा तसं झालं.

मी तिला म्हटलं, "ठीक आहे. एवढंच लेटरहेडवर लिहून द्या. पेशंटचं नाव, आजची तारीख, आणि बेड उपलब्ध नाही म्हणून भरती केलं नाही. खाली सही, शिक्का."

तिनं कागदाला हात लावला नाही. हे कुणी लिहून देत नाही हे मला माहीत होतं, कारण मीही कधी लिहून दिलं नव्हतं. मी फोन काढला, योजनेच्या मदत क्रमांकावर लावला आणि स्पीकर चालू केला. मागे रांगेतली माणसं ऐकायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "मलाबी असंच सांगितलंय मंगळवारी." तिच्या मागचा म्हणाला, "मला पण." मुलगी खुर्चीवरून थोडी पुढे झुकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला असंच सांगायला सांगितलंय हो. तुम्ही मागच्या पॅसेजमध्ये जा. तिथे योजनेचे सर बसतात."

त्यांचं टेबल लॉन्ड्रीच्या दाराआड होतं. आमच्याकडे जिना, त्यांच्याकडे लॉन्ड्री. आरोग्यमित्रानं सटाण्याची चिठ्ठी आणि पट्टी बघितली आणि उठूनच उभा राहिला. दुपारी आबांची ॲन्जिओग्राफी झाली. हृदयाच्या दोन नसा तुंबलेल्या होत्या, त्यातली एक जवळजवळ पूर्ण. त्याच दिवशी स्टेंट टाकले. डॉक्टर चांगले होते, हे मुद्दाम सांगते. बाहेर येऊन मला म्हणाले, "आणखी थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो." त्यांना काउंटरवर काय चालतं ते ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. आबांचा जीव त्यांच्या हातात असताना मलाही तेवढा दम नव्हता.

परत जाताना मी त्या मुलीपाशी थांबले. तिला वाटलं मी भांडायला आले. मी तिला म्हटलं, "मीही हेच काम करते." तिचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता.

सोमवारी मी कामावर गेले. अकराच्या सुमारास पेठ तालुक्यातलं एक जोडपं आलं. डोंगरातली माणसं, चालून चालून पायाला भेगा पडलेली. बाईच्या गर्भाशयात गाठ होती, रक्त जायचं थांबत नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आमाला काय ठावं नाय. तुमीच सांगा काय करायचं." स्क्रीनवर योजनेचे चार बेड रिकामे दिसत होते. मी म्हटलं, "बेड आहे. बसा." आणि त्यांना स्वतः जिन्याखाली घेऊन गेले. त्या दिवशी आणखी तिघांना नेलं. दुसऱ्या दिवशी पाच.

बुधवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. खुर्ची दिली, चहा सांगितला. "तुमच्या वडिलांचं झालं, मला वाईट वाटतं. पण इमोशनल होऊन डेस्क चालत नाही. सरकार दर कमी देतं, तेही उशिरा देतं. हॉस्पिटल कसं चालवायचं?" त्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पैसे उशिरा येतात हे मी फायलींमध्ये बघितलेलं होतं. मी म्हटलं, "सर, मग ते भांडण सरकारशी करा. त्या गाठ असलेल्या बाईशी का करता?"

"तुम्ही पगार कोणाचा घेता?"

"तुमचा. म्हणून तुमचा आदेश मला लेखी द्या. योजनेच्या पेशंटला बेड रिकामा असताना परत पाठवायचं, एवढं एका ओळीत लिहा. मी पाळते."

चहा आला होता, तो तसाच राहिला. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

घरी आले. नवरा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बूट घालता घालता म्हणाला, "म्हणजे उद्यापासून डबा एकच करायचा." त्या माणसाची एवढीच प्रतिक्रिया. त्यावर मी मोठ्यानं हसले, आणि मग मात्र पुष्कळ रडले.

नामपुरात कुणीतरी उठवलं की मी पैशाची अफरातफर केली म्हणून काढलं. कुणी म्हणालं, पोरीची जीभ लांब. जीभ लांब आहे, ते मान्य. दुसरं सिद्ध करून दाखवा.

मी योजनेच्या जिल्हा कार्यालयात दोन्ही हॉस्पिटलांची तक्रार लेखी दिली. माझ्या हॉस्पिटलची आधी लिहिली, आणि त्यात मी स्वतः काय केलं तेही लिहिलं. तपासणी झाली. सिनेमासारखं काही झालं नाही. हॉस्पिटल चालू आहे, साहेब तिथेच आहेत. पण आरोग्यमित्राचं टेबल जिन्याखालून दारासमोर आलं आणि भिंतीवर एक फळा लागला, त्यावर रोज किती बेड रिकामे ते लिहावं लागतं. पेठच्या त्या बाईचं ऑपरेशन झालं. तिनं निरोप धाडला नाही, पण तिच्या गावच्या दोघी माझ्याकडे आल्या, त्यावरून कळलं.

हो, आता माणसं माझ्याकडे येतात. पुढच्या खोलीत एक टेबल टाकलंय. ज्यांची खासगी पॉलिसी आहे त्यांचे अडकलेले क्लेम मी लिहून देते, त्यावर माझं घर चालतं. योजनेच्या माणसांकडून काही घेत नाही. आणि खासगी पॉलिसीवाले म्हणजे फार सुखी, असं नामपुरात वाटतं ना? इगतपुरीचे एक निवृत्त गुरुजी आले होते. वर्षानुवर्षं हप्ते भरले. गुरुजींची बायको पावसात पायरीवरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. कंपनीनं कळवलं, तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी चालू असल्याचं लपवलं, क्लेम नामंजूर. गुरुजी माझ्यासमोर पत्र धरून बसले होते, जणू त्यांनीच चोरी केली. मी उत्तरात पहिलं वाक्य लिहिलं, "ब्लडप्रेशरमुळे पायरी ओली होत नाही." गुरुजी म्हणाले, "असं लिहायचं असतं का?" मी म्हटलं, "असंच लिहायचं." खाली पॉलिसीचीच कलमं जोडली, डॉक्टरांचा दाखला जोडला. कंपनीनं ऐकलं नाही तेव्हा विमा लोकपालांकडे गेलो. क्लेम मंजूर झाला. गुरुजींनी मला शाल आणली, मी ती मायला दिली.

आबा आता चांगले आहेत. काट्यावर जात नाहीत, पण मार्केटात जाऊन बसल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. दिवाळीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "मन्हामुळे काम गयं ना तुन्हं? मंग घर चाल. आपलं घर शे ना." माझ्यामुळे गेलं ना, मग घरी ये. त्यांना मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. तेव्हा त्यांना नीट कारण सांगितलं नाही, ते इथे सांगते.

आबा, मला नामपूरची आठवण येते. लिलावाचा गलका, मोसम नदीचं पात्र, दुपारी सगळ्या गल्लीत दरवळणारी मिरच्यांची फोडणी. तिथे कुणी आजारी पडलं की अख्खी गल्ली जमायची, कुणाची जीप, कुणाचा डबा, हे न मागता व्हायचं. इथे शेजारी कोण हे कळायला मला वर्ष लागलं. पण गल्ली माणसाला नाशिकपर्यंतच आणून सोडते. पुढे काउंटर असतो. तिथे आपलं कुणीतरी असावं लागतं.

गेल्या महिन्यात नामपूरच्या यमुनाकाकूंना घेऊन मी एका तिसऱ्याच हॉस्पिटलात गेले. त्यांना डायलिसिस सुरू करायचं होतं. तिथला व्यवस्थापक टाळाटाळ करत होता, मी नियम सांगत होते. वैतागून त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नामपूरच्या."

"मग तिकडे करा ना हे सगळं. नाशिकात येऊन कशाला वाद घालता?"

आधीची मी असते तर ओशाळले असते. त्या दिवशी मला उलट एक गोष्ट लख्ख कळली. पाहुणी म्हणून गेलेली बाई पानात वाढलं ते खाते आणि निघताना छान झालं होतं म्हणते. भाजी खारट आहे असं तोंडावर म्हणायचा हक्क घरच्या बाईचा. इतकी वर्षं मी या शहरात पाहुणीसारखी गोड बोलत राहिले, आणि म्हणूनच ते कधी माझं वाटलं नाही. ज्या दिवशी मी इथे पहिल्यांदा आवाज चढवला त्या दिवशी मी इथे राहायला आले. नामपूर माझं गाव आहे, ते माझ्याकडून कुणी घेऊ शकत नाही. घर मात्र हे आहे. याच्या चुका आता माझ्या आहेत आणि त्या मी निस्तरणार.

त्या माणसाला मी म्हटलं, "मी इथलीच आहे." मग त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली, यमुनाकाकूंना त्यात बसवलं, दुसरी ओढून स्वतः बसले, आणि काकूंचं नाव रजिस्टरात चढेपर्यंत उठले नाही.